फुटाला एक सूत

तीर्थरूप तात्यांस,

पुढं साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे. आज लिहीत नाही. तेराव्यापर्यंत रोज तुमच्या फोटोपुढं वाकले, तेवढं पुरे.

तेरावं होऊन आज चार दिवस झाले. सकाळी महादूकाका लूनावर रिकामं पोतं बांधून आले. तुमची हत्यारं न्यायला. आईनंच निरोप धाडला होता. "गंजत पडण्यापरीस त्येंच्या हातात ऱ्हातील," म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. का विचारतील? जिच्या हाताला माप नाही, तिला रंधा आणि पटाशी कशाला हवी?

हे वाक्य तुमचं आहे. सहा वर्षं मी ते वागवते आहे. आज सकाळी मला कळलं की ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून हे पत्र.

घरामागच्या शेडमध्ये, तुमच्या कामाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. कागद तुमच्याच ड्रॉइंगचे, मागची कोरी बाजू.

महादूकाका हत्यारं एकेक करून पोत्यात भरत होते. मी आणि आई दारात उभ्या. वालचंदनगरच्या कारखान्यात बावीस वर्षं ते तुमच्या शेजारच्या टेबलावर होते, त्यामुळं प्रत्येक हत्याराची त्यांच्याकडं गोष्ट होती. ही पटाशी अमक्या वेळची, हा काटकोनाचा गुण्या तमक्यानं दिलेला. ट्रंकेच्या तळाशी धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी निघाली. दोन फुटी. काकांनी ती डोळ्यांजवळ धरली, अंगठ्यानं टोक पुसलं आणि हसायलाच लागले.

"आरं तिच्या! ही अजून हाय व्हय? हीच की ती!"

"कुठली, काका?"

"वरकुट्याच्या पेटीची. तुझ्या बापानं लाकडाच्या पेटीला लोखंडाचं झाकण केलं न्हवं का!"

मला काही कळेना. मी म्हटलं, "झाकण मी केलं होतं."

"तूच केलंस की. पण पट्टी कुणी दिली तुला? फुटाला एक सूत, पोरी! लगीन झाल्यावर दुसऱ्या दिवशी आला माझ्याकडं, टपरीवर. म्हनला, 'महाद्या, काल लय मोठा गाढवपणा झाला माझ्या हातनं.' आन् सांगितलं सगळं. चहा नाकात गेला माझ्या. त्योबी हसाय लागला. टपरीवाला म्हनतोय, काय झालं, काय झालं..."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. हसणं अर्धं राहिलं. पट्टी खाली ठेवली.

"मला वाटलं, घरात सांगितलं आसंल त्यानं."

नाही, तात्या. घरात सांगितलं नव्हतं.

ही पट्टी काय आहे ते आधी लिहिते. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण माझी मला आहे. कारखान्यात लोखंडाचा भाग ओतायचा, तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तेच तुमचं काम. नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड निवताना आकसतं. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीच तशी बनवलेली असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेलं असतं, पण ते बारा इंच आणि एक सूत असतं. दिसायला साधी पट्टी. फक्त टोकाला दोन बारीक अक्षरं कोरलेली. तुमच्या पट्टीची अक्षरं बावीस वर्षांत घासून गेली होती.

अशा पट्ट्या असतात हे तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. आपल्या घरात एक आहे, हे सांगितलं नव्हतं.

काका गेल्यावर मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. ही आणि तुमची रोजची. एक टोक जुळवलं. दुसऱ्या टोकाला दोन सुतांचा फरक. दोघींवर आकडा चोवीस.

मग झाकण शोधलं.

ते कुठं होतं, तुम्हाला माहीत आहे. फळ्यांच्या मागं, पोत्याखाली. सहा वर्षांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता. खऱ्या पट्टीनं मोजलं. लांबी अठरा इंच हवी होती. अठरा आणि दीड सूत. रुंदी बारा हवी होती. बारा आणि एक सूत. चारही बाजूंनी, चारही कोपऱ्यांत. केसाचा फरक नाही, तात्या! तुम्ही दिलेल्या पट्टीनं मी चोख काम केलं होतं. इतकं चोख की तुमचा गाढवपणा त्यात जसाच्या तसा उतरला.

तुम्ही पेट्या करायला लागलात ती वर्षं मला आठवतात. स्वेच्छानिवृत्ती घेतलीत, क्वार्टर सोडलं, आपण इंदापूरला आलो. दोन महिने नुसते बसून होतात. मग एक दिवस जुन्या दाराच्या सागवानाची आईला मिसळणाची पेटी करून दिलीत. तिच्या झाकणावर शिसवीची वेल बसवलीत. शेजारणीनं पाहिली, तिला हवी झाली. मग तिच्या बहिणीला. वर्षाच्या आत बारामतीच्या दुकानात आपल्या पेट्या दिसायला लागल्या. दागिन्यांच्या, सुपारीच्या, करंड्याच्या.

आपल्या घराण्यात आजोबांपर्यंत मेंढरं. लाकडाशी संबंध काठीपुरता. वरकुट्यात तुम्ही पोरसवदा असताना सुताराच्या नेटावर, त्याच्या कामाच्या जागी, जाऊन उभे राहायचा, आणि तो सुतार, आताच्या गणूआप्पाचा बाप, म्हणायचा, 'मेंढरं हाकणाऱ्याला सूत काय कळणार? सर तिकडं, उजेड आडवू नगंस.' ही गोष्ट तुम्ही मला शंभर वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचा, "आन् आता बघ."

मीही तशीच तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिले होते. तुम्ही मला सर म्हणाला नाहीत. उलट रंधा हातात दिलात. ते मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर हे पत्र दोन ओळींचं झालं असतं.

तीन वर्षं मी तुमच्या हाताखाली होते. पहिलं वर्ष नुसतं पॉलिश पेपर घासणं. दुसऱ्या वर्षी कोपऱ्याचे सांधे. तिसऱ्या वर्षी वेल, पितळी तार, झाकण. तुमची एक कसोटी होती. आपलं झाकण पेटीच्या तोंडात आत उतरणारं; ते ठेवून हात काढून घ्यायचा. ते आपल्या वजनानं हळूहळू खाली बसलं पाहिजे, आतली हवा कडेनं निघताना बारीक आवाज झाला पाहिजे. "पेटीनं श्वास सोडला पायजे," म्हणायचा. धपकन बसलं तर सैल. अडलं तर घट्ट. माझ्या अकरा करंड्याच्या पेट्यांनी श्वास सोडला होता. अकराव्या वेळी तुम्ही आईला हाक मारून बोलावलंत. "हे ऐक," म्हणालात. आई हात पुसत आली, ऐकलं, आणि म्हणाली, "भात लागंल." आपण किती हसलो होतो!

बारामतीच्या दुकानदारानं त्या अकराही ठेवून घेतल्या. आणखी मागितल्या. "मुलीच्या हातच्या आहेत असं कागदावर लिहून आत टाका, बायका घेतात," म्हणाला. आपण नाव ठरवत होतो, आठवतं?

तेवढ्यात हौसाआत्याच्या सुनीताचं लग्न ठरलं. हौसाआत्या तुमची चुलत बहीण, गावातच दिलेली. लग्न वरकुट्याला, तुमच्या गावात, तुमच्या भावकीपुढं. रुखवतात मांडायला नवरीची फणेरपेटी तुम्ही देणार, असं तुम्ही स्वतः जाहीर केलंत. आरसा, फणी, करंडा, काजळाची डबी, सगळं आत बसेल अशी. अठरा बाय बारा. एवढी मोठी पेटी आपण केली नव्हती.

पेटी तुम्ही केलीत, झाकण मला दिलंत. "झाकणच बघतात लोक," म्हणालात. मी आठ दिवस नीट जेवले नाही.

माझी पट्टी लाकडी होती, टोक झिजलेलं. तुमची रोजची पट्टी तुमच्या हातात. मी म्हटलं, "तात्या, चांगली पट्टी द्या." तुम्ही न बघता ट्रंकेत हात घातलात. "ही घे."

एवढंच घडलं. यात पाप काही नाही. कुणाच्याही हातून होईल. मी असते तर माझ्याही.

कुणी म्हणेल, पेटीवरच झाकण ठेवून माप का नाही घेतलं? तर तुमचा नियम. वस्तूवरून माप घ्यायचं नाही, कागदावरून घ्यायचं. काडी लावून माप घेणं हे गावच्या सुताराचं काम. आपण ड्रॉइंगवरून करणार. पेटी दुसऱ्या खोलीत पॉलिशला, झाकण शेडमध्ये, मध्ये फक्त कागद. तुम्हाला त्याचा केवढा अभिमान!

आणि कुणी म्हणेल, नेण्याआधी एकदा लावून तरी बघायचं. तर आपल्या आजीची रीत. नवरीची पेटी रिकामी मिटायची नाही. नवरीची आई आत हळदकुंकू आणि खण ठेवेल, मगच पहिल्यांदा झाकण लागेल. कारखान्यात बावीस वर्षं काढलेला माणूस तुम्ही, पण ही रीत मोडली नाहीत. मोडायला हवी होती, असंही मी म्हणत नाही. मला ती आवडायची.

पण तुम्ही झाकण तपासलं होतं, तात्या. आदल्या संध्याकाळी. माझ्या टेबलावरची पट्टी उचललीत, लांबी घेतलीत, रुंदी घेतलीत, कर्ण घेतलेत. "चोख," म्हणालात. तुमच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. रात्री आईलाही सांगितलंत. मी आतून ऐकत होते.

वरकुट्याला रुखवत पुढच्या सोप्यात मांडलं होतं. शेवयांचं तुळशी वृंदावन, मण्यांचे मोर, चकल्यांची उतरंड. मधोमध चौरंगावर पेटी. बायका दाटीनं उभ्या. व्हिडिओवाल्या पोरानं लाइट मारला. हौसाआत्यानं आत हळदकुंकू ठेवलं, खण ठेवला, म्हणाली, "हं, झाका दादा."

तुम्ही झाकण ठेवलंत. ते बसेना. फिरवून ठेवलंत. बसेना. तळव्यानं दाबलंत. मग मुठीनं. कोपऱ्याचं पॉलिश टचकन उडालं. बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलं.

गणूआप्पा सुतार चौरंगाचे पाय बघायला आलेले, तिथंच होते. ते म्हणाले, "काय हरिभाऊ, झाकण दुसऱ्या पेटीचं उचललंस का काय?"

सगळे हसले.

"हसू नगा रं. कारखान्याचं माप हाय ते, आपल्याला न्हाय कळायचं. आमी आपली काडी लावतो. काडी खोटं बोलत न्हाय."

तुम्ही मान वर केलीत. माझ्याकडं बघितलं नाहीत. म्हणालात, "पेटी माझी हाय. झाकण पोरीनं केलंय. पोरीच्या हाताला माप न्हाय."

मी करवल्यांसाठी अत्तरदाणी घेऊन उभी होते. मी वाट बघितली. वाटलं, आता म्हणाल की मी तपासलं होतं. आता म्हणाल की लाकूड फुगलं असेल. तुम्ही खिशातून रुमाल काढून तोंड पुसलंत.

हौसाआत्या चांगली बाई. "आसूं दे रं, वरनं भरतकामाचा रुमाल टाकू," म्हणाली. पण तिची सासू म्हणाली, उघडी पेटी नवरीसंगं धाडू नये. पेटी वरकुट्यातच राहिली. आत्या तीत वाती ठेवते.

आणि तुमचं वाक्य कॅसेटमध्ये राहिलं. ते तुम्ही कधी लक्षात घेतलंत का? लाइट चालू होता. व्हिडिओवाल्यानं सगळं घेतलं. आत्याकडं पाहुणे आले की लग्नाची कॅसेट लागते. माझं लग्न ठरल्यावर माझ्या सासूनं ती पाहिली. वरकुट्याची तिची मैत्रीण मुद्दाम घेऊन आली होती. सासू हसून म्हणाली, "सुनबाईच्या हाताला माप नाही म्हणे! मीठ बघून टाक हो." तिनं गमतीनं म्हटलं. मी गमतीनंच हसले.

परत येताना एस.टी.त झाकण तुमच्या मांडीवर होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. इंदापूर येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मला वाटलं, माझी लाज वाटते आहे. घरी आल्यावर मी म्हटलं, "तात्या, रंधा मारून देते. थोडंच जास्त असेल. पाऊण-पाऊण सूत दोन्हीकडून काढलं तर बसेल. परवा नेऊन देऊ."

तुम्ही ओरडलात. "हात लावू नगंस त्याला!"

सहा वर्षं मी समजत होते, तुम्हाला माझ्या कामाची किळस आली. आज कळलं. मी 'पाऊण सूत' म्हणाले आणि तुम्हाला उमगलं. तुम्ही त्याच संध्याकाळी मोजलं असणार. दीड सूत आणि एक सूत. अठराला दीड, बाराला एक. हा आकडा बावीस वर्षं तुमच्या डोक्यात होता, तुम्हाला दुसऱ्यांदा मोजायची गरजही पडली नसेल. रंधा मारायचा तर मला आधी मोजायला लागलं असतं. मोजलं असतं तर मीही विचारलं असतं, चुकलं तर सगळीकडं सारखंच कसं चुकलं?

अर्ध्या तासाचं काम होतं, तात्या! अर्ध्या तासात झाकण बसलं असतं, पेटी सुनीताबरोबर गेली असती. त्याऐवजी तुम्ही पोतं टाकलंत.

आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलात!

मला त्या खोट्याचा राग आहे, पण त्याहून मोठा टपरीचा. चार माणसांत, गणूआप्पापुढं, तुमच्या तोंडून ते निघून गेलं. लहानपणी ज्यानं नेटावरून हाकललं, त्याचा पोरगा समोर उभा. हे मी समजू शकते. पण टपरीवर गणूआप्पा नव्हते. तिथं तुमचं तोंड मोकळं होतं. तिथं तुम्ही खरं बोललात, आणि ते खरं एवढं गमतीचं होतं की चहा नाकात गेला. त्याच वेळी मी घरात फुटक्या पॉलिशचा कोपरा आठवत बसले होते. तुमच्याकडं खरं होतं. ते तुम्ही महादूकाकांना दिलंत, टपरीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात दिलंत. मला दिलं नाहीत. का? मी तुमची हाताखालची होते म्हणून? मुलगी होते म्हणून? मी गप्प बसेन याची खात्री होती म्हणून?

मी गप्पच बसले. शेडमध्ये जाणं बंद केलं. तुम्ही एकदाही हाक मारली नाहीत. बारामतीचा दुकानदार दोनदा येऊन गेला, तुम्ही त्याला सांगितलंत, "पोरगी आता करत न्हाय." जणू मी ठरवलं होतं.

पुढच्या वर्षी लग्न झालं, बारामतीला गेले. तिथं माझं काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी प्रत्येक गोष्ट तीनदा मोजते. ब्लाउजपीस तीनदा. पडद्याचं कापड तीनदा, आणि तरी शिंप्याकडून पुन्हा मोजून घेते. पहिल्या दिवाळीला यांनी सागवानाची फळी आणली. म्हणाले, "स्वयंपाकघरात मांडणी कर, तुझं तर माहेरच लाकडाचं." मी आठवडाभर फळी भिंतीला टेकवून ठेवली. खूण केली, पुसली, केली, पुसली. शेवटी सुताराला बोलावलं. सुतारानं कापलेली फळी अर्धा इंच आखूड निघाली, त्यानं फटीत खपल्या ठोकल्या, पैसे घेतले आणि शीळ घालत गेला. त्याच्या हाताला माप आहे की नाही, हे कुणी कॅसेटमध्ये घेतलं नाही.

गेल्या महिन्यात दवाखान्यात मी रात्रंदिवस तुमच्या उशाशी होते. एका दुपारी तुम्ही माझा हात धरलात. उलटा केलात, पालथा केलात. बोटं चाचपलीत. मग म्हणालात, "हात बरा हाय तुजा."

मी विचारलं, "काय म्हणालात?"

"काय न्हाय. पाणी दे."

मी पाणी दिलं. तेवढ्यावर मी तीन आठवडे जगले, तात्या! आईला सांगितलं, यांना सांगितलं. बाप शेवटी माझा हात बरा म्हणाला! आता वाटतं, तुम्ही तोंडापर्यंत आणलं होतंत. मग गिळलंत आणि वर पाणी प्यायलात. बरा हाय! चोख म्हणाला होतात तुम्ही. चोखाचं बरं कधी झालं?

आज काका गेल्यावर मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती गवारीच्या शिरा काढत होती. म्हणाली, "मला काय त्या पट्ट्यातलं कळतंय? पर त्ये त्या झाकणावरचं पोतं कुणाला उचलू देईनात, येवढं दिसत व्हतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"आमी कवा काय इचारलं त्येंला?"

मी तिला सांगितलं की रविवारी वरकुट्याला जाणार आहे. ती गवार टाकून उठली. "आता मेल्यावर गावात जाऊन त्येंची शोभा करणार व्हय गं तू? महिना न्हाय झाला अजून!"

मी म्हटलं, "माझी जिवंतपणी झाली. त्याला सहा वर्षं झाली."

ती रडली. मग थोड्या वेळानं येऊन दारातून म्हणाली, "शिरा करून देते. हौसाला आवडतो." आई कुणाच्या बाजूची आहे, मला कळत नाही. बहुतेक दोघांच्याही.

हत्यारं मी दिली नाहीत. पोत्यातून एकेक परत काढली आणि भिंतीवर जागच्या जागी लावली. महादूकाका बघत उभे होते. बिचाऱ्यांचा काही दोष नाही, त्यांनी तर खरं सांगितलं. त्यांना चहा दिला, रविवारी वरकुट्याला जाऊन हे सगळं सांगणार आहे म्हटलं. जाताना रिकामं पोतं लूनाला बांधत म्हणाले, "पोरी, मी येऊ का रविवारी? माझ्यासमूर बोलला हाय त्यो. साक्षीला."

मी म्हटलं, "या. पण हसायचं नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "लय हळहळायचा गं त्यो तुझ्यासाठी."

त्यांना मी निरोप दिला. उत्तर तुम्हाला देते. हळहळ मला कुठं दिसली? ती कुणी मोजायची? माझ्यापर्यंत पोचली ती ओरड आणि पोतं.

तात्या, आता वचन. तुम्हाला नको असलं तरी.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी वरकुट्याला जाते. बरोबर झाकण, रंधा, पॉलिशची बाटली आणि दोन्ही पट्ट्या. हौसाआत्याला पेटी रिकामी करायला लावते. माप पट्टीनं घेणार नाही. गणूआप्पांना बोलावून त्यांच्याकडून काडी मागून घेते आणि पेटीवरूनच घेते. तुमचा नियम मोडते. मग सोप्यात बसून, सगळ्यांसमोर रंधा मारते. आत्यानं हळदकुंकू ठेवलं की झाकण लावते, हात काढून घेते आणि ऐकते.

सुनीताची पेटी सुनीताकडं जाईल. वाती आत्या दुसऱ्या डब्यात ठेवेल.

मग दोन्ही पट्ट्या सगळ्यांसमोर शेजारी ठेवेन आणि सांगेन. पट्टी तुम्ही दिलीत, हे सांगेन. न बघता दिलीत, मुद्दाम नाही, हेही सांगेन. तपासून चोख म्हणालात, ते सांगेन. लग्नाच्या संध्याकाळी तुम्हाला कळलं आणि तुम्ही गप्प बसलात, ते सांगेन. गणूआप्पांच्या बापानं तुम्हाला नेटावरून हाकललं होतं, ते त्यांच्या तोंडावर सांगेन. मला रंधा तुम्हीच हातात दिला होता, तेही राहू देणार नाही.

माझा राग मोठा आहे. तुमचा अपराध त्याच्या मापानं सांगावा असं आज दिवसभर वाटलं. तसं करणार नाही. जेवढा होता तेवढाच सांगेन. एक सूत वाढवून नाही, एक सूत घटवून नाही.

तुमच्याच हाताखाली शिकले आहे.

नंदा